बेंचवरचा पिवळा पंजा

बार छातीवरून वर ढकलताना उल्हासरावांचं उजवं मनगट ठणकायचं, पण लंडनच्या एजवेअर भागातल्या त्या जिममध्ये हे कुणालाही कळू द्यायचं नव्हतं. चूक त्यांचीच. पहिल्याच दिवशी त्यांनी वरदला, म्हणजे तिथल्या ट्रेनरला, सांगून टाकलं होतं की आपण कराडच्या तालमीत घडलोय, रोज तीनशे जोर आणि पाचशे बैठका मारायचो. खरा आकडा निम्म्याहून कमी होता, पण चाळीस वर्षांत आकडे वाढणारच. असा माणूस आता ‘वजन कमी कर’ कुठल्या तोंडाने म्हणणार?

कौन्सिलमधून, म्हणजे तिथल्या पालिकेतून, रिटायर झाल्यापासून त्यांना जायला हे एकच ठिकाण उरलं होतं. घामाचा आणि लोखंडाचा वास आला की तालमीतली लाल माती आठवे, तिच्यात कालवलेलं ताक आणि हळद आठवे. हे ठिकाण सुटलं असतं तर सकाळचं करायचं काय, हे त्यांना खरोखरच कळलं नसतं.

दुखणं फक्त त्यांच्या पत्नीला, नीनाताईंना ठाऊक होतं. त्यांनी वेम्बलीहून आंबेहळद आणून गरम लेप घातला, वर बँडेज बांधलं. उल्हासरावांनी ते लांब बाहीखाली लपवलं आणि नेहमीचंच वजन उचललं.

घामाने लेप पातळ होऊन तळव्यावर उतरला. बेंचवर पिवळा पंजा उमटला. त्यांनी तो टॉवेलने पुसला, तर डाग तसाच राहिला आणि टॉवेलही पिवळा झाला. तो चेंजिंग रूममधल्या बेसिनमध्ये धरून त्यांनी साबण लावला. साबणाने हळद लाल होते हे ते जन्मभर बघत आले होते, तरी लावला. लालभडक बेसिन बघून त्यांनी घाबरून घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी जिमच्या दारावर नोटीस होती. चेंजिंग रूममध्ये रक्त सांडलेलं आढळलं आहे, जखमी सभासदाने पुढे यावं, तोवर वजनांचा विभाग बंद. दोन दिवस उल्हासरावांना घास उतरेना. आता मेंबरशिप जाणार, असं ते धरूनच चालले होते.

“जाऊन सांगून टाका,” नीनाताई म्हणाल्या. “हळद लावली होती, खून नाही केलात.”

जिमच्या मॅनेजरबाईंच्या खोलीत वरदही होता. उल्हासरावांनी बाही वर केली आणि सगळं कबूल केलं. बाईंनी शांतपणे पेन खाली ठेवलं.

“तुम्ही चौथे,” त्या म्हणाल्या.

आधी जिममध्ये रोज दिसणारे हर्षदभाई येऊन गेले होते, खांद्याला हळद. मग एक पंजाबी गृहस्थ, कोपराला हळद. मग गुडघ्याला हळद लावणाऱ्या एक श्रीलंकन बाई, ज्या पुरुषांच्या चेंजिंग रूममध्ये कधी गेल्याच नव्हत्या, तरी माफी मागत होत्या. उल्हासरावांना उगाचच वाईट वाटलं.

“पण बेंचवरचा पंजा माझाच आहे,” ते ठासून म्हणाले.

“हर्षदभाईंचंही तेच म्हणणं आहे.”

वरदने त्यांचा हात हातात घेतला. “काका, बार तुम्ही बोटांकडे धरता, so मनगट मागे वाकते. तळव्याच्या खालच्या भागावर ठेवा, मनगट straight. And वजन कमी करा, please. तालमीमध्ये कोणी सांगितला नाही?”

सांगितलं होतं. वस्तादांनी पाठीत गुद्दे घालून सांगितलं होतं. वस्ताद जाऊनही आता वीस वर्षं झाली. उल्हासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सांगितलं होतं रे,” ते म्हणाले. “मी तेव्हाही ऐकायचो नाही.”

त्याच सकाळी वजनांचा विभाग उघडला. हर्षदभाई बेंचवर बसले होते, त्यांनी सरकून जागा केली आणि किती दिवस दुखतंय ते विचारलं. तीन आठवडे, उल्हासराव म्हणाले. हर्षदभाईंना दोन वर्षं झाली होती. कोपरवाले आले, गुडघेवाल्या बाई आल्या. वर्षभर एकमेकांना नुसती मान डोलावणारी ती चार माणसं आपापलं दुखणं उघडं करून दाखवू लागली. हळद तेलात की दुधात, यावर वाद पेटला. तासाभराने वरदला येऊन सांगावं लागलं की बाकीच्यांनाही बेंच हवा आहे. व्यायाम त्या दिवशी कुणीच केला नाही.