हेर्लेकरांचं बंद नाक

लोक पाहुण्यांना मुलीच्या लग्नाचा अल्बम दाखवतात. आमचे शेजारी हेर्लेकर स्वतःच्या डोक्याचा सीटी स्कॅन दाखवतात. चहा येण्याआधी कपाटावरचा मोठा लिफाफा खाली येतो, त्यातली काळी फिल्म बाहेर निघते आणि पाहुण्याला दंडाला धरून गॅलरीत उजेडाकडे नेलं जातं.

"हा मी," हेर्लेकर म्हणतात. "समोरून घेतलाय."

पाहुणा बिचारा "छान आलाय" म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

नेरुळच्या या सोसायटीत मी राहायला आलो तेव्हा माझं अर्धं सामान अजून जिन्यात होतं आणि हेर्लेकरांनी मला सायनस समजावून दिलं होतं. आमचे दरवाजे समोरासमोर. मी सोफ्याचं एक टोक धरून उभा, आणि हे माझ्या कपाळावर बोट ठेवून विचारतायत, "सावंत, डोकं भरीव असतं असा तुमचा समज आहे का?"

ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर माझा तसा समज उरलेला नव्हता. पण हेर्लेकरांना उत्तर नको होतं.

"कपाळात दोन खोल्या. गालांच्या मागे दोन मोठे हॉल. डोळ्यांच्या मधोमध बारक्या खोल्यांची अख्खी चाळ, आणि पार मागे दोन अडगळीच्या खोल्या. या सगळ्यांचं पाणी उतरतं नाकात. आणि वाट केवढी? काडेपेटीतल्या काडीएवढी! ती सुजली की पाणी आत तुंबलं. तुंबलं की सडलं. मग कपाळ ठणकतं, गाल दुखतात, खाली वाकलं की डोळ्यांपुढे तारे. मूळ प्रॉब्लेम निचऱ्याचा आहे."

हेर्लेकर मूळचे सांगलीकडचे. अख्खी नोकरी सरकारी खात्यात, मलनिस्सारण विभागात. नव्या शहराच्या जमिनीखालच्या नळांवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आणि निवृत्तीनंतर सगळं ज्ञान स्वतःच्या नाकाकडे वळवलं. जगातल्या प्रत्येक दुखण्याचं निदान ते एकाच वाक्यात करतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणं होतात, निचऱ्याचा प्रॉब्लेम. कुणाचं लग्न मोडलं, निचरा होत नव्हता. माझा मुलगा घरात बोलत नाही अशी तक्रार मी केली, तेव्हाही त्यांनी मान हलवून हेच सांगितलं, आणि चिडचिड याची झाली की ते बरोबर निघालं.

त्यांच्या घरात सकाळ होते ती नेतीच्या तोटीच्या भांड्याने. एका नाकपुडीतून मिठाचं कोमट पाणी आत, दुसरीतून बाहेर. मधे जे आवाज होतात त्यांवर आमच्या मजल्यावरचे लोक उठतात. "पाणी उकळून गार केलेलंच हं," ते बजावतात. "थेट नळाचं घालाल तर मला तोंड दाखवू नका." नाकात मारायच्या स्प्रेचं शिक्षण ते लिफ्टमध्ये देतात. मधल्या पडद्यावर मारायचा नाही, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, बाहेरच्या बाजूला, कानाकडे रोख धरून. तळमजला येईपर्यंत अनोळखी माणसाचाही धडा पुरा झालेला असतो.

एकदा मला सर्दी झाली. मी नाक उघडायचे थेंब आणले, तर हे औषधाच्या दुकानातून माझ्या मागोमाग घरात शिरले. "चार-पाच दिवसांच्या वर टाकू नका. नाक सोकावतं. मग थेंब नाहीत तर श्वास नाही. आणि अँटिबायोटिक तर मागूच नका. साधी सर्दी आहे, तिची ती जाईल." मी वाफ घेतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांच्या धर्मात आलो.

एवढं ज्ञान असूनही त्यांचं स्वतःचं नाक मात्र वळणावर येत नव्हतं. नाकात तेल सोडून झालं, साखरेच्या गोळ्या झाल्या, ओव्याची पुरचुंडी झाली. सुंठीचा लेप कपाळभर फासून एकदा ते सोसायटीच्या सत्यनारायणाला आले, तर नव्याने राहायला आलेल्या एका सूनबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वादही दिला. कुणीतरी हवा बदलायला सांगितली म्हणून खारघरला भाच्याकडे गेले. डोंगराची हवा, मोठमोठ्या खिडक्या. आठवडाही काढला नाही. "डोंगरावरून हवा निघते चांगली," मला म्हणाले, "पण माझ्यापर्यंत पोचायच्या आधी तीन बिल्डरांच्या साइटवरून येते."

आणि या सगळ्याचा कळस म्हणजे, त्यांना कसलाच वास येत नाही. हे ते अभिमानाने सांगत. शिरवण्याच्या कारखान्यांच्या बाजूने अधूनमधून एक औषधी, घसा धरणारा वास येतो. त्याविरुद्ध आम्ही सगळ्यांनी अर्ज केला, पण हेर्लेकरांनी सही केली नाही. "मला वास येतच नाही. खोटी सही कशी करू?" असा हा तत्त्वाचा माणूस.

हे नाक त्यांच्या संसारात मात्र फार उपयोगी पडलं होतं. भारतीवहिनी जासईच्या, आगरी. हेर्लेकरांच्याच ऑफिसात टायपिस्ट होत्या. हेर्लेकरांच्या सांगलीच्या आईने लग्नाला परवानगी दिली ती एका अटीवर, घरात मासे शिजणार नाहीत. वहिनींनी मान्य केलं आणि खाडीकाठची ती बाई वरण-भातावर दिवस काढायला लागली. मग यथावकाश हेर्लेकरांना सायनस झालं. वासच येईना म्हटल्यावर अटीला काय अर्थ राहिला? तेव्हापासून बुधवार, शुक्रवार, रविवार त्या घरात जवळा, बोंबील, कोलंबी. एकाच टेबलावर वहिनी कालवण ओरपतायत आणि समोर हे मेतकूट-भात खातायत, असं दृश्य मी कितीदा पाहिलं आहे. लोकांच्या पत्रिका जुळतात, यांचा संसार नाकातल्या गाठींवर, पॉलिपवर चालला होता.

गेल्या हिवाळ्यात एके सकाळी हेर्लेकरांचा उजवा डोळा सुजून बंद झाला. त्यांना मीच दवाखान्यात नेलं. वहिनी मागच्या सीटवर. कान-नाक-घशाचे डॉक्टर तरुण आणि स्पष्ट बोलणारे होते. औषधांनी सूज उतरली, पण त्यांनी नवा स्कॅन समोर धरून सांगितलं, "पॉलिप सगळीकडे वाढलेत. पुन्हा इन्फेक्शन झालं तर डोळ्यावर बेतू शकतं. दुर्बिणीतून ऑपरेशन करू. बाहेरून टाका नाही, व्रण नाही. वाटा मोकळ्या करायच्या, बस. नंतर धुणं आणि स्प्रे चालू ठेवावा लागेल, नाहीतर पॉलिप परत येतात."

जन्मभर नाले मोकळे करत आलेल्या माणसाला हे पटायला हवं होतं. हेर्लेकरांनी मानही डोलावली. मग डॉक्टर हसून म्हणाले, "आणि काका, वाससुद्धा परत येईल बहुतेक."

हेर्लेकरांची मान तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी वहिनी दोन्ही हातांत बरण्या घेऊन माझ्या दारात. सुके बोंबील, जवळा, सोडे. "घ्या भाऊजी, तुमाला. आता यांचं नाक उघडनार. बस जालं घरात करनं." मी मालवणी माणूस. नको म्हणायला जीभ रेटली नाही. बरण्या घेत होतो तेव्हा हेर्लेकर त्यांच्या दारात उभे राहून नुसते बघत होते.

त्या आठवड्यात त्यांनी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. मग आणखी पुढे. आधी अमावास्या आडवी आली, मग भाच्याचं घरभरणं, मग "भूल सोसत नाही मला," म्हणजे न घेतलेली भूल. सगळी सोसायटी म्हणाली, घाबरला म्हातारा. मीही म्हणालो. वहिनी रोज सकाळी त्यांचा डोळा न्याहाळायच्या आणि स्वयंपाकघरात जायच्या. मला राग यायला लागला. वहिनी भावाकडे जासईला गेल्याची संधी साधून एका संध्याकाळी मी त्यांच्या घरात शिरलो.

हेर्लेकर टेबलाशी बसून वाफ घेत होते. डोक्यावर टॉवेल, खाली पातेलं. मी त्या टॉवेललाच झापायला सुरुवात केली. अख्ख्या नेरुळला सायनस शिकवता आणि स्वतःवर वेळ आली की पळता? डोळा जायची वाट बघताय का?

टॉवेलने आधी नाक शिंकरलं. मग आतून आवाज आला, "सावंत, मला वास येतो."

"कधीपासून?"

"कायमच. सर्दीत जातो, स्प्रेने परत येतो. कमी-जास्त. पण येतो."

मी खुर्ची ओढून बसलो. टॉवेल बोलत राहिला.

"लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एक दिवस लवकर घरी आलो. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, उदबत्तीचा धूर, आणि ही मागच्या गॅलरीत, कपडे वाळत टाकायच्या जागेत, जमिनीवर बसून डब्यातले बोंबील खात होती. मला बघून डबा पदराखाली घेतला. म्हणाली, चुकलं माझं. स्वतःच्या घरात, सावंत, चोरासारखी जेवत होती. त्या दिवशी मी म्हटलं, कसला वास? मला तर काहीच येत नाही, सायनस आहे."

"मग आता तिला सांगा ना, येतो पण चालतो."

"चालत नाही हो!" टॉवेल कळवळला. "पोटात ढवळतं. तोंडावर दिसतं माझ्या. नाक बंद आहे म्हटलं की कुणी तोंडाकडे बघत नाही. एकदा ऑपरेशन झालं, की ती बघणार. आणि परत गॅलरीत जाऊन बसणार."

मी खरं म्हणजे ओरडायला आलो होतो. आवाज खाली आणून म्हणालो, "हेर्लेकर, तुमचा डोळा गेला, तर वहिनींच्या घशाखाली मासा उतरेल का? काहीही उतरेल का?"

त्यांनी टॉवेल काढला. चेहरा लालबुंद, घामाने निथळत होता. निदान मी तरी तो घामच समजलो.

पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं. छान झालं. काही आठवड्यांनी तपासणीला त्यांना मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी नाकाखाली छोट्या बाटल्या धरल्या. पहिलीला हेर्लेकर म्हणाले, "लवंग." दुसरीला म्हणाले, "कॉफी. चिकोरी जास्त आहे." डॉक्टर खूश झाले. आणि हा तत्त्वाचा माणूस घरी येऊन गेटवरच्या वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना सांगत सुटला, की डोकं हलकं झालं, झोप लागते, डॉक्टर देवमाणूस आहे, पण वासाच्या बाबतीत ऑपरेशन फेल गेलं.

शुक्रवारी दुपारी माझी बेल वाजली. "सावंत, बरण्या काढा."

काढल्या. सोडे जरा कमी भरले असतील, ते सोडून द्या. हेर्लेकरांनी दोन बरण्या हात लांब करून धरल्या, श्वास तोंडाने घेत पॅसेज ओलांडला, आणि तिसरी घेऊन मी त्यांच्या मागोमाग गेलो.

"अवो, कशाला आनल्या?" वहिनी ओट्याजवळून ओरडल्या. "वास येईल तुमाला!"

"कसला वास? काही येत नाही. कर तू."

वहिनींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग तवा ठेवला. जवळा भाजायला पडला. मला सुद्धा तो वास जोरदार वाटला, आणि मी तर त्यावर वाढलेला. हेर्लेकर टेबलाशी पेपर घेऊन बसले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "आतलं पाणी उतरतंय," मला म्हणाले.

वहिनी मला सोडायला दारापर्यंत आल्या. माझ्याने राहवेना. हळूच म्हटलं, "वहिनी, त्यांना खरं म्हणजे..."

"वास येतो. मना ठाव हाय," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "पयल्यापासून ठाव हाय. जवला तव्यावर पडला का यांचं पेपरचं पान उलटायचं थांबतं."

"मग तेव्हा बरण्या मला का दिल्यात?"

"म्हटलं आता नाक सगलंच उघडनार. किती सोसायचं मान्साने?"

"आणि आता पुन्हा घरातच शिजवताय?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. पेपर अजून त्याच पानावर होता.

"नाय केलं तर त्यांना वाटंल, मी परत गॅलरीत बसून खाते," वहिनी म्हणाल्या. आणि आत जाऊन, ताट घेऊन, त्यांच्या अगदी समोर जेवायला बसल्या.