मंजनातली एक ओंजळ

मंजनाची एक डबी एका माणसाला दीड-दोन महिने पुरते, असं दर्शनाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. हेडमास्तर हितेश सरांची डबी आठव्या दिवशी संपली. "घरी पाहुणे होते," असं म्हणत ते स्वतः दारात आले आणि दुसरी घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात पाहुणे नव्हते, तरी ते आले. या वेळी त्यांनी दोन डब्या घेतल्या.

दुसरी कुणी असती तर तिने आनंदाने शेजारीपाजारी साखर वाटली असती. दर्शनाला मात्र धास्ती वाटली. बचत गटाची सचिव म्हणून गेल्या सात वर्षांत तिने चार प्रशिक्षणं घेतली होती. पापड सादळले. मेणबत्त्या मे महिन्यात आपोआप वाकल्या. फिनेल गावात कुणी घेतलंच नाही, कारण गावात फरशी चार घरांत. प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तेवढं भिंतीवर लागलं होतं आणि त्या चार चौकटींकडे बघूनच तिला दमायला व्हायचं. आपल्या हातचा माल खपतोय म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकतंय, अशी तिची आता पक्की समजूत झाली होती.

पाचवं प्रशिक्षण या वनौषधी दंतमंजनाचं. हिरडा, बेहडा, बाभळीची साल, कडुनिंबाचा पाला, लवंग, ओवा आणि सैंधव मीठ. हिरडा-बेहडा सिद्धगडाच्या रानातून वाडीवरची रंगू आणून द्यायची. भाजायचं आणि कुटायचं काम दर्शनाची सासू कमळाबाई करायची, कारण मंद आचेवर दोन-दोन तास बसायची चिकाटी गटातल्या दुसऱ्या कुणाकडे नव्हती. दर्शना डब्या भरायची, लेबलं चिकटवायची आणि सचिव या नात्याने प्रत्येक घाण्याची चव बघायची. चव चांगली असायची. कधीकधी ती दोनदा बघायची.

म्हसा गाव ओलांडून आत वसलेल्या त्या गावात मंजनाचे भलतेच गुण दिसू लागले. कुणाची दाढ ठणकायची थांबली, कुणाचं सकाळी पोट साफ होऊ लागलं. दर्शनाचा नवरा प्रणित, ज्याला लग्नापासून दात घासायला हाकलावं लागायचं, तो आता डबी घेऊन परसात पंधरा-पंधरा मिनिटं उभा राहायचा. कामावरून आल्यावरही आधी दात घासायचा आणि मग चहा मागायचा.

याचा बोभाटा शहापूरपर्यंत गेला आणि एक दिवस खर्डीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका सोनाली मॅडम येऊन थडकल्या. बाई कडक. बसायच्या आधी त्यांनी खुर्ची पुसली.

"माझ्याकडे एकशे वीस मुली आहेत," त्या म्हणाल्या. "निम्म्या मुली घरून मशेरीची सवय घेऊन येतात. पाचवीतली पोर, आणि मशेरी लावल्याशिवाय डोळे उघडत नाही! मला त्यांना चांगली सवय लावायची आहे. नैसर्गिक, झाडपाल्याची. पण मी स्वतः वापरल्याशिवाय मुलींच्या हातात काही देत नाही. एक डबी द्या. तीन आठवड्यांनी शुक्रवारी येते. पसंत पडलं तर एकशे वीस डब्या, दर दोन महिन्यांनी, कायम."

कायम हा शब्द दर्शनाच्या मालाबद्दल आजवर कुणी उच्चारला नव्हता. मॅडम गेल्यावर ती बराच वेळ ओट्यावर नुसती बसून राहिली. पाचवं प्रमाणपत्र लावायला भिंतीत खिळा ठोकावा की काय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

मॅडम यायच्या त्या आठवड्यातल्या सोमवारी ती वही आणि तराजू घेऊन मागच्या पडवीत चुलीपाशी बसली. मॅडम विचारतील म्हणून प्रत्येक वस्तूचं वजन लिहून काढायचं होतं. कमळाबाईने हिरडा भाजला, बेहडा भाजला, साल भाजली, लवंगा तव्यावरून नुसत्या फिरवून काढल्या. मग पाठीमागे ठेवलेली फडक्याची पुरचुंडी सोडून तिने तंबाखूची पानं काढली आणि हाताने चुरून तव्यावर टाकली.

"आई, तुमची मशेरी मागून भाजा ना. आधी हे होऊ दे."

"माझी कुठं? माझी सकाळीच झाली. ही मंजनाची."

दर्शनाचं पेन थांबलं. "मंजनाची म्हंजे?"

"मंजनात टाकायची. किलोला एक ओंजळ."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून गो! त्या शिकवणाऱ्या बाईनं सगळा नीट सांगितला, न् नेमकी मशेरी सांगायची इसरली. मी म्हटलं, एवढी शिकलेली बाई, चारचौघींत कशाला चूक काढायची? घरी येऊन गपचूप टाकली."

"आई, ती इसरली नव्हती."

"मंग दात कशानं घासायचं? हिरड्यानं?" कमळाबाईने खरोखरच आश्चर्याने विचारलं. जन्मात तिने दाताला दुसरं काही लावलं नव्हतं. दात घासायची पूड म्हणजे मशेरी, बाकी सगळा मसाला, हे तिच्या लेखी इतकं उघड होतं की त्यावर बोलायचं ते काय?

दर्शनाने तराजू खाली ठेवला. या घरात चाळीस वर्षं रोज मशेरी भाजली जात होती. घराला तो वास होताच, त्यामुळे त्यात आणखी एका तव्याची भर पडलेली कुणाच्या नाकाला कळली नव्हती. डबीत काय कळणार? लवंगेने सगळं झाकलं होतं. आणि वसतिगृहातल्या ज्या पोरींची मशेरी सुटावी म्हणून मॅडम धडपडत होत्या, त्यांनाच ती आता झाडपाल्याचं लेबल लावून, कायम, पुरवणार होती. तिला रडू आलं, पण रडायलाही वेळ नव्हता. शुक्रवार चार दिवसांवर होता.

तिने दोन गोष्टी ठरवल्या. एक, बिनमशेरीचा नवा घाणा करायचा. दोन, गावात गेलेल्या डब्या परत आणायच्या. कारण सांगायचं नाही, नाहीतर गटाचं नाव जन्माचं बुडालं. "पॅकिंग बदलतोय," एवढंच म्हणायचं.

ती सगळ्यात आधी शाळेत गेली. शाळेच्या दारावर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी होती. ती हितेश सरांनी स्वतः रंगवली होती आणि तिच्यासाठी त्यांना तालुक्याचं बक्षीसही मिळालं होतं. सर टेबलाच्या खणात हात घालून बसले होते. दर्शनाला बघताच त्यांनी खण बंद केला.

"सर, ती मंजनाची डबी परत द्या ना. पॅकिंग बदलतोय."

"मला पॅकिंगचं काही नाही," सर म्हणाले. "आहे ते छान आहे."

"नवीन आणून देते."

"मग नवीन आणा, तेव्हा बघू." सरांनी आवाज खाली आणला. "ताई, खरं सांगू? आयुष्यात बिडी-तंबाखूला हात लावला नाय. चहापण सोडला. पण ह्या मंजनाशिवाय मला आता हजेरी घेता येत नाय. सकाळी एकदा, मधल्या सुट्टीत एकदा, शाळा सुटल्यावर एकदा. मुलांनापण सांगतो, तोंडाची स्वच्छता हा संस्कार आहे."

"मुलांना दिलंत?" दर्शनाने घाईने विचारलं.

"छे! मलाच पुरत नाय," सर म्हणाले.

तेवढाच एक दिलासा. बाकी गावात तिची डाळ कुठेच शिजली नाही. कुणी डबी संपली म्हणून सांगितलं आणि ओठांवरची काळी पूड पदराने पुसली. कुणी दार लावून घेतलं. एका म्हातारीने तर "दिलेली वस्तू कुणी मागं घेतंय काय?" म्हणून तिची शोभा केली. संध्याकाळपर्यंत हाती तीन डब्या लागल्या, तिन्ही रिकाम्या. चौथी प्रणितच्या मोटरसायकलच्या डिकीत सापडली. ती काढून घेतल्यावर तो तिच्याशी दोन दिवस बोलला नाही.

तो आठवडा एकूणच वाईट गेला. नवा माल मिळत नव्हता आणि जुना संपत आला होता. नळावर बायका विनाकारण एकमेकींवर डाफरल्या. हितेश सरांनी चौथीच्या वर्गाला सतराचा पाढा पन्नास वेळा लिहायला लावला आणि स्वतः बाकावर डोकं टेकून बसले. दर्शनाने पहाटे उठून हिरडा भाजला, कुटला, वस्त्रगाळ केला. सासूला तव्याजवळ फिरकू दिलं नाही. तिचं स्वतःचं डोकं मंगळवारपासून ठणकत होतं, हात थरथरत होते, कोंबडीचाही राग येत होता. दगदग झाली, दुसरं काय, असं म्हणून तिने कपाळाला फडकं बांधलं आणि कुटत राहिली.

नवं मंजन गुरुवारी तयार झालं. कमळाबाईने चिमूटभर दाताला लावलं आणि बाहेर जाऊन थुंकली.

"माती हाय," तिने निकाल दिला.

शुक्रवारी सोनाली मॅडम आल्या. या वेळी त्यांनी खुर्ची पुसली नाही. सरळ बसल्या आणि पर्समधून रिकामी डबी काढून टेबलावर ठेवली. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मंगळवारी संपली," त्या म्हणाल्या. "मंजन उत्तम आहे, प्रश्नच नाही. हिरड्या घट्ट झाल्या, सकाळी तरतरी येते. एकशे वीस डब्या आजच नोंदवते. पण आधी मला एक द्या बघू."

दर्शनाने नवी डबी दिली. मॅडमनी तिथेच झाकण उघडून बोटाने दातांना लावलं. डोळे मिटले. थोडा वेळ थांबल्या. पुन्हा लावलं, पुन्हा थांबल्या. मग डोळे उघडले.

"हे ते नाही."

"तेच आहे, मॅडम. हिरडा, बेहडा, बाभळीची साल..."

"माझ्याशी खोटं बोलू नका. मी अडीच आठवडे वापरलंय. ह्यात काहीतरी कमी आहे. ऑर्डर मिळायच्या आधीच क्वालिटी उतरवलीत? पहिलं असेल तर घेते, नाहीतर मी चालले."

तेवढ्यात कमळाबाई आतून आली. तिच्या हातात डिकीतली डबी होती. "ही घ्या, जुन्यातली," ती प्रेमाने म्हणाली. "बरोबर अशीच करून देते, शंभर काय न् दोनशे काय."

मॅडमचा हात पुढे आलाच. दर्शनाने मधेच डबी हिसकावून घेतली. क्षणभर तिच्या मनात सगळं येऊन गेलं. डबी द्यायची, सही घ्यायची, आणि पुढच्या दोन महिन्यांत हळूहळू ओंजळीची चिमूट करत न्यायची. कुणाला कळलंही नसतं. पण हे सगळं जमवायला अंगात जोर लागतो आणि तो तिच्यात उरला नव्हता. शिवाय पाचवीतली ती पोर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"मॅडम, ह्यात मशेरी आहे," ती म्हणाली. "आईंना वाटलं, शिकवणारी बाई सांगायला इसरली. मला सोमवारी कळलं. नवीन आहे ते शुद्ध आहे. मुलींना तेच द्या, नायतर काहीच घेऊ नका. गटाची चूक आहे, मला माफ करा."

मॅडमचं मघाशी मंजनाला लावलेलं बोट तसंच हवेत होतं.

"म्हणजे इतके दिवस मी..."

"दिसातून कितींदा?" कमळाबाईने जाणत्या माणसाच्या मायेने विचारलं.

"दोनदा." मग थोड्या वेळाने, "चारदा. मुली झोपल्या की आणखी एकदा."

"मंग सवय कवळी हाय अजून. सुटंल."

मॅडमनी कपाळाला हात लावला. दर्शना आता बोलणी ऐकायच्या तयारीने उभी राहिली. पण मॅडमनी वही काढली, एकशे वीस डब्या लिहिल्या, शेजारी कंसात 'नवीन' असं लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली आणि सही केली. दर्शनाला सहीकडे बघून विश्वासच बसेना.

"अजून एक काम आहे," मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या. पर्समधून त्यांनी एक लहान किल्ली काढली. "मुलींकडून जप्त केलेली मशेरी ऑफिसच्या कपाटात आहे. वर्षभराची. मंगळवारपासून मी दोनदा त्या कपाटासमोर जाऊन उभी राहिले. कशाला, ते मला कळत नव्हतं. आज कळलं. कपाटात दुसरं काही ठेवलेलं नाही. ही किल्ली तुमच्याकडे राहू द्या."

दर्शनाने किल्लीसाठी हात पुढे केला. हात थरथरत होता. तिने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग मॅडमच्या हाताकडे. दोन्ही सारखेच थरथरत होते. तिने आपला हात सावकाश मागे घेतला.

"माझ्याकडं नको, मॅडम," ती म्हणाली. "माझापण आज चौथा दिवस हाय."

मग किल्ली कुणाकडे द्यायची यावर दोघींनी विचार केला. प्रणितकडे देण्यात अर्थ नव्हता. हितेश सरांचं नाव निघालं आणि तिथेच बारगळलं. नळावरच्या बायका, ती म्हातारी, गटाच्या अध्यक्ष, एकेक करून सगळं गाव मोजून झालं. किल्ली टेबलावर पडून राहिली आणि दोघी तिच्याकडे बघत बसल्या.

शेवटी कमळाबाईने ती उचलली आणि पदराच्या टोकाला बांधली.

"मी सांभाळते," ती म्हणाली. "मला कशाला लागतेय तुमची? माझी माझ्याकडं हाय."