इम्पीआजींच्या पावत्या

एकोणतीस डिसेंबरला, शनिवारी दुपारी व्हेर्ना निएमेला जेवणाच्या टेबलावर पावत्या मांडून बसली होती, आणि इम्पीआजींच्या डिसेंबरच्या पावतीवर तारीखच नव्हती.

दुसऱ्या कोणी तिकडे काणाडोळा केला असता. पण व्हेर्ना एस्कनाबाच्या पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षे पाण्यातले क्लोरीन मोजत आलेली. शिवाय हे पैसे साधे नव्हते. तिचा नवरा रॉय बर्फ हटवण्याचा ट्रक चालवायचा. मुलगी काइसा जन्मली त्याच आठवड्यात त्याने तिच्या नावाने शिक्षणखाते उघडले, आणि जाईपर्यंत दर पगाराला त्यात पंचवीस डॉलर टाकले. खात्याचा नियम सरळ होता. वर्षात जेवढे काढाल तेवढे त्याच वर्षात कॉलेजच्या खर्चाला लागले पाहिजेत. नाही लागले, तर त्यातल्या व्याजावर कर आणि वर दहा टक्के दंड. काइसाच्या चार महिन्यांच्या खोलीभाड्याचे चोवीसशे डॉलर नियमात बसले नाहीत, तर कर आणि दंड मिळून रॉयचे सात हप्ते सरकारजमा होणार होते. एकही जाऊ देणार नाही, असे तिने त्याला दवाखान्यात कबूल केले होते.

घरमालकीण इम्पी कोस्केला काइसाच्या कॉलेजच्या गावी, हँकॉकला राहायची, वय शहाऐंशी. भाडे रोख घ्यायची, तेही खालच्या दाराच्या टपालफटीतून. म्हणून व्हेर्नाने जुलैत तिला तीन पानी पत्र लिहिले होते. पावती दर महिन्याच्या एक तारखेला, न चुकता, कोणतीही सबब चालणार नाही. आणि खरोखरच सप्टेंबरपासून दर महिन्याला निळ्या शाईतली, किरट्या अक्षरातली पावती टपालाने येत होती.

तारखेचे विचारायला व्हेर्नाने फोन लावला. अकराव्या घंटेला कोणीतरी उचलला. आवाज पुरुषाचा होता.

"इम्पी कोस्केला आहेत का?"

"नाहीत."

"कधी येतील?"

"बाई, आत्याला ऑगस्टात पुरलं आम्ही."

व्हेर्नाने समोरच्या चार पावत्यांकडे पाहिले. सगळ्यात अलीकडच्या पाकिटावर डिसेंबरचा शिक्का होता.

"असं कसं? त्यांच्या पावत्या येतायत मला. माझी मुलगी राहते ना, वरच्या खोलीत."

"वर?" आवाज एकदम बारीक झाला. "वर कुणी राहत नाही. आतोबा गेले तेव्हापासून ती खोली बंद आहे."

तेवढ्यात फोनमधूनच व्हेर्नाला ऐकू आले. ठक. ठक. ठक. लाकडी जमिनीवर कोणीतरी संथपणे चालत होते. पलीकडचा माणूस काहीतरी पुटपुटला आणि फोन आपटला गेला.

तिने लगेच काइसाला फोन केला. प्रयोगशाळेतल्या माशांना खायला घालायला काइसा सुट्टीतही हँकॉकलाच थांबली होती.

"आई, हळू बोल. इम्पीआजी खाली आहेत. चिडल्यात वाटतं. आत्ताच फोन आपटला त्यांनी."

"काइसा, तू त्यांना शेवटचं कधी पाहिलंस?"

"जुलैत. आपण खोली बघायला आलो तेव्हा."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला? मी मागच्या जिन्यानं येते-जाते. त्यांना माणसांचा कंटाळा आहे, मला त्यांचा त्रास नाही. दर शनिवारी वाफेच्या आंघोळीला अंगणातली सौना तापवतात, धूर येतो ना. मग खाली येऊन एकट्याच प्रार्थना म्हणतात."

"आवाज कसा आहे?"

"जरा घोगरा. वय झालंय, आई."

भुतांवर व्हेर्नाचा विश्वास नव्हता. पण मेलेल्या बाईची सही कर खात्याला चालते का, हे तिला ठाऊक नव्हते, आणि वर्ष संपायला अडीच दिवस उरले होते. तिने फाईल उचलली, गाडी काढली आणि काइसाला बजावले, "खोलीतून हलू नकोस. आणि खाली काही टाकू नकोस. विशेषतः पैसे."

ती पोहोचली तेव्हा चार वाजून गेले होते आणि उजेड संपत आला होता. घर बर्फात खिडक्यांपर्यंत बुडालेले. सौनाच्या धुराड्यातून धुराची एक सरळ काडी वर चाललेली. वाटेवर एक जुना ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता, आणि आत एक दणकट, पांढऱ्या मिशांचा माणूस टोपी कानांवर ओढून बसला होता. व्हेर्नाने काच वाजवली तसा तो किंचाळला.

"मीच फोन केला होता. व्हेर्ना निएमेला."

"म्हणजे तुम्ही जिवंत आहात?"

"तुम्ही?"

"सध्या आहे," तो म्हणाला. हा इम्पीचा भाचा आणि वारस रेइनो. "तीन तास बसलोय इथे. सौनाची भट्टी पेटवलीय, ती तशीच टाकून जाता येत नाही, आणि घरात तर पाऊल टाकणार नाही. ऑक्टोबरापासून ऐकतोय मी. वर चालते ती. आतोबांच्या खोलीत. मध्येच दिवाही लावते. दर शनिवारी सौनाला येतो, मग खाली उभा राहून प्रार्थना म्हणतो, पण ती ऐकत नाही."

व्हेर्नाने वर पाहून हाक मारली. खिडकी उघडली आणि लोकरी टोपी घातलेली काइसा बाहेर डोकावली.

"ही चालते," व्हेर्ना म्हणाली.

रेइनो बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिला. काइसाही त्याच्याकडे. "इम्पीआजी तुम्ही आहात?" तिने शेवटी विचारले.

उरलेला उलगडा स्वयंपाकघरात, कॉफी आणि वेलदोड्याच्या पावाबरोबर झाला. दवाखान्यात इम्पीने भाच्याच्या हाती बुटांचे एक खोके दिले होते. आत चिकटवलेली, पत्ता घालून तिकिटे लावलेली नऊ पाकिटे, कोपऱ्यात पेन्सिलीने महिन्याचे नाव. दर महिन्याच्या एक तारखेला एक टाकायचे.

"आत काय आहे ते नाही विचारलंत?"

"आत्याला प्रश्न आवडत नसत. मला वाटलं, व्हेर्ना म्हणजे कुणी मैत्रीण."

खोक्याच्या तळाशी व्हेर्नाचे जुलैतले पत्र होते. 'कोणतीही सबब चालणार नाही' या शब्दांखाली निळ्या शाईने दोनदा रेघ ओढलेली होती.

व्हेर्नाने पत्राची घडी घातली. मग उठून तिने पुढच्या दाराची चटई सरकवली. रेइनो कायम बाजूच्या दाराने यायचा. टपालफटीखाली, जाहिरातींच्या ढिगात, काइसाची चारही पाकिटे जशीच्या तशी पडली होती.

"हे भाडं तुमचं. घ्या."

"छे! खोली भाड्यानं दिलीये हेच मला माहीत नव्हतं. न दिलेल्या खोलीचं भाडं कसं घेऊ? राहू दे पोरीला, फुकट."

"फुकट चालणार नाही! घ्या हो, पाया पडते. तुम्ही नाही घेतलंत तर तो खर्च झालाच नाही, आणि मला दंड होईल."

"पैसे दिले नाहीत म्हणून दंड झालेला ऐकलाय. पैसे घेतले नाहीत म्हणून तुम्हाला?"

"घ्या ना, रेइनोकाका," काइसा म्हणाली. "ही रात्रभर इथंच बसेल."

हे ऐकून मात्र तो विरघळला. पण एक अट घातली. शनिवारी पाच वाजता तो आला की काइसाने जमिनीवर तीनदा टाच आपटायची, म्हणजे वर चालणारे माणूस जिवंत आहे हे त्याला कळेल.

व्हेर्नाने नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. तेवीसशे साठ.

काइसा पावाचे तुकडे करत बसली. "नोव्हेंबरात मी पाचशे साठच टाकले. प्रयोगशाळेचा चष्मा आणि हातमोजे घ्यायचे होते, त्याशिवाय वर्गात घेत नव्हते. बिल आहे माझ्याकडे. तू ओरडशील म्हणून बोलले नाही."

कॉलेजने सक्तीची केलेली वस्तू. चाळीस डॉलर नियमात बसत होते. दंड टळला होता. पण नोव्हेंबरची पावती सहाशेची होती, म्हणजे खोटी होती, आणि खोटा कागद व्हेर्नाच्या फाईलमध्ये आजवर राहिला नव्हता. तिने रेइनोपुढे पेन धरले.

"आत्याच्या कागदावर मी खाडाखोड करू? ते नका सांगू. जानेवारीचं पाकीट मात्र एक तारखेला टाकतो."

तीन तारखेला ते पाकीट एस्कनाबाला आले. व्हेर्नाने उभ्याउभ्याच फोडले. डिंक जुना, कडक झालेला होता. आत जानेवारीची पावती होती, आणि तिच्यामागे आणखी एक कागद. निळी शाई, किरटे अक्षर.

'नोव्हेंबरची दुरुस्त पावती. मिळाले पाचशे साठ. मुलीवर ओरडू नये. डिसेंबरची तारीख राहिली होती: एक.'

व्हेर्ना तो कागद हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने चष्मा पुसला, टेबलाशी येऊन बसली आणि काइसाच्या बिलासकट सगळी बेरीज पुन्हा एकदा केली.

बरोबर चोवीसशे.

तिने नोव्हेंबरची जुनी पावती काढली, नवी लावली, फाईल बंद केली. आणि पाकिटांचे खोके मेमध्ये संपते हे आठवून तिने कोरा कागद पुढे ओढला. पुढच्या वर्षाबद्दल इम्पीआजींना आत्ताच कळवलेले बरे.