बाबा जेवून उठेनात

पावणेबारा वाजले तरी पेईरूचे सासरे जेवून उठायला तयार नव्हते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

पूर्वजांच्या नावांची पाटी आणि सासऱ्यांचा फोटो यांच्यासमोरच्या टेबलावर सगळं मांडलेलं होतं. उकडलेली अख्खी कोंबडी, सोया सॉसमध्ये मुरवलेले डुकराचे पाय, वाफवलेला मासा, परतलेल्या शेवया, चिकट तांदळाच्या पिठाची गोड लाल कासवं आणि तांदळाच्या दारूचे तीन छोटे पेले. यासाठी पेईरू पहाटे चारला उठली होती. कोंबडीची मान ताठ कशी ठेवायची हे तिला साडेचारला फोनवरच्या एका व्हिडिओतून कळलं होतं. आता मात्र त्या कोंबडीनेही मान टाकली होती.

"बाबा, जेवण झालं का?" पेईरूने सहाव्यांदा विचारलं आणि हातातले चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकले.

एका तुकड्याची सपाट बाजू वर आणि दुसऱ्याची फुगीर, असा कौल पडला की 'हो'. दोन्ही फुगीर वर आल्या की 'नाही'. दोन्ही सपाट वर आल्या तर पूर्वज नुसतेच हसतायत, का ते आपलं आपण ओळखायचं. 'हो' आल्याशिवाय टेबलावरचं काही उचलता येत नाही, त्यांना पोचावं म्हणून अंगणात कागदी सोनं जाळता येत नाही आणि घरातल्या कुणाला घासभरही खाता येत नाही.

तुकडे डुगडुगले, थांबले. दोन्ही फुगीर.

"नाही म्हणतोय," आत्याबाईंनी खुर्चीतूनच निकाल दिला.

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. वय शहात्तर, दात सगळे स्वतःचे. भावाच्या श्राद्धाला त्या सकाळच्या पहिल्या बसने ताइचुंगहून इथे लुकांगला आल्या होत्या, आणि तेव्हापासून टेबलाकडे तोंड करून बसल्या होत्या.

चार वर्षांची छिंगछिंग आईच्या शेजारी उकिडवी बसली होती. "आजोबा एवढं हळू का जेवतात? कोंबडी तर तेवढीच आहे."

"जिवंतपणीही असाच होता तो," आत्याबाई म्हणाल्या. "शाळेचा डबा घरी येऊन संपवायचा."

"पण बारा वाजत आले. हॉलंडमध्ये बाराला जेवतात."

"हो का? मग तुझ्या आजोबाला कुणी हॉलंडला नेलं नाही, त्याचा राग असेल."

पेईरूने तुकडे उचलले. आत्याबाईंच्या बोलण्यात सुई कुठे असते ते तिला ठाऊक होतं. सासरे गेले तेव्हा ती हॉलंडमध्ये होती, कुशीत अकरा दिवसांची छिंगछिंग. नवरा वेईथिंग एकटाच अंत्यविधीला आला. तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर आत्याबाई भावाचं नाव घेऊन म्हणाल्या होत्या, "आहुईला सून आहे म्हणतात. मी काही पाहिली नाही." ते वाक्य दोन दिवसांत हॉलंडला पोचलं आणि नंतरची चार वर्षं पेईरूच्या घरातच राहिलं. सात महिन्यांपूर्वी सगळे कायमचे परत आले, तेव्हा सामानाबरोबर तेही आलं.

आणि आज पहिल्यांदाच सासऱ्यांना जेवू घालणं तिच्याकडे आलं होतं. तसं ते कधीच आलं नसतं. पण पंधरा दिवसांपूर्वी बाजारातल्या ओल्या फरशीवर सासूबाईंचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सासूबाईंची या बाबतीत गल्लीत ख्याती होती. चाळीस वर्षं त्यांनी या टेबलासमोर कौल लावला आणि एक पहिलं वर्ष सोडलं तर पहिल्याच खेपेला 'हो' आला. शेजारणी म्हणायच्या, शूफनच्या हातचं खाऊन पूर्वज तृप्त होतात. एकदा एक शेजारीण त्यांचा हात लागावा म्हणून स्वतःचे तुकडे घेऊन आली होती.

सासूबाई आता गळ्यात झोळी अडकवून बसल्या होत्या आणि पेईरूने तुकडे टाकले की त्यांचा प्लॅस्टरमधला हात आपोआप हलत होता.

"इतक्या उंचावरून नको गं टाकूस," त्या हळूच म्हणाल्या. "जरा खालून. आणि..."

"आणि काय, आई?"

सासूबाईंनी आत्याबाईंकडे पाहिलं. "आणि काही नाही. मनापासून टाक."

पेईरूने खाली वाकून मनापासून टाकले. दोन्ही सपाट.

"हसतोय," आत्याबाई म्हणाल्या. "काहीतरी चुकलंय. नुसतं जेवलात का, जेवलात का काय विचारतेस? काय चुकलं ते विचार."

तेवढ्यात वेईथिंगचा फोन आला. शिंचूच्या कारखान्यात त्याला ऐन वेळी थांबावं लागलं होतं. पेईरूने फोन स्पीकरवर ठेवला.

"झालं का बाबांचं?"

"नाही. सात वेळा विचारलं."

"सात?" तो इंजिनिअर होता. "'हो' येण्याची शक्यता दर खेपेला निम्मी. सात वेळा न येणं म्हणजे एकशे अठ्ठावीसात एकदा. हे योगायोगाने होत नाही."

"म्हणजे?"

वेईथिंगने आवाज खाली आणला. "पेईरू, तू बाबांना एक विचार. त्यांच्या नव्या स्कूटरवरचा तो ओरखडा... ते आयुष्यभर शेजारच्या लिन काकांशी बोलले नाहीत ना? तो मी काढला होता. सतरा वर्षांचा होतो."

"अरे कर्मा!" सासूबाई म्हणाल्या. "मीपण त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं!"

पेईरूने विचारलं. दोन्ही सपाट.

"हसले," तिने फोनमध्ये सांगितलं.

"हुश्श," वेईथिंग म्हणाला आणि त्याने घाईघाईने फोन ठेवला.

पण यामुळे दार उघडलं ते उघडलंच. चूक शोधायची तर पेईरूकडे पुष्कळ होत्या, आणि भुकेल्या माणसाला त्या लवकर आठवतात. मासा बर्फातला होता म्हणून? दोन्ही फुगीर. लाल कासवं घरी न करता विकत आणली म्हणून? दोन्ही फुगीर.

"विकतची?" आत्याबाईंनी भुवया उंचावल्या. "तरीच सगळ्यांची तोंडं सारखी."

पेईरूने सूप दुसऱ्यांदा गरम करून आणलं, पेल्यांत दारू ओतली आणि नव्या उदबत्त्या लावल्या. मग खालच्या आवाजात म्हणाली, "हॉलंडमध्ये तुमच्या दिवशी मी फोटोसमोर चीज ठेवायचे. आणि बिअर. तिथे दुसरं काही मिळालं नव्हतं. पहिल्या वर्षी तर चीजही अर्धं खाल्लेलं होतं. त्याचा राग आहे का?"

दोन्ही सपाट.

"दर वर्षी ठेवायचीस?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो."

आत्याबाई घसा साफ करून, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "एक माझंही विचार त्याला. आमच्या आईची जेडची बांगडी. ती खरं तर शूफनला द्यायची होती. मी म्हटलं, हरवली. विचार, त्याचं काही मनात आहे का."

सासूबाईंनी चमकून आत्याबाईंच्या मनगटाकडे पाहिलं. आत्याबाईंनी बाही खाली ओढली.

दोन्ही फुगीर.

"नाही म्हणतो," छिंगछिंगने परस्पर सांगितलं. तिला आता सगळं येत होतं.

सव्वाबारा वाजले. माशाच्या डोळ्यांत तिरस्कार दिसू लागला. पेईरूने तुकडे उचलले आणि ते तसेच हातात धरून बसली. विचारायचं एकच उरलं होतं, आणि ते पहिल्यापासून तेच होतं. स्कूटर, मासा, चीज हे सगळं त्याच्या अवतीभवतीचं. तिने डोळे मिटले, ओठ हलवले, पण आवाज केला नाही. मग तुकडे सोडले.

दोन्ही फुगीर.

पेईरूने ते पाहिलं आणि तिला एकदम रडू आलं. शहाण्यासारखं, डोळे टिपत वगैरे नाही. पहाटे चारला उठलेल्या, उपाशी, चार वर्षं थांबलेल्या बाईसारखं. छिंगछिंग घाबरून आजीला जाऊन बिलगली.

"रडायला काय झालं?" आत्याबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. "काय विचारलंस?"

"मी विचारलं," पेईरू हुंदके देत म्हणाली, "मी तुमच्या शेवटच्या दिवशी आले नाही, म्हणून तुम्ही रागावलात का. आणि ते... सकाळपासून नाही, नाही, नाही..."

"थांब. काय विचारलंस? रागावलात का?"

"हो."

"आणि काय पडलं?"

"नाही."

"मग?" आत्याबाई कडाडल्या. "रागावलात का विचारलं, नाही म्हणाला. त्यात रडायचं काय, वेडाबाई? नाही म्हणाला तो!"

पेईरू तुकड्यांकडे पाहत राहिली. सकाळपासून ज्या उत्तराने तिचा जीव खाल्ला, तेच उत्तर होतं. तिने नाक पुसलं. पुन्हा पाहिलं. दोन्ही पालथे, शांत पडले होते.

आणि नेमकं याच वेळी सासूबाईंना सहन झालं नाही.

"बस झालं," त्या म्हणाल्या. "पोरगी रडली, आता मला सांगितलंच पाहिजे. पेईरू, तुझं काहीही चुकलेलं नाही. ते मनगट आहे."

"कोणतं मनगट?"

"माझं. मोडलेलं." त्यांचा चेहरा लाल कासवासारखा झाला होता. "दोन तुकडे हातात धरताना एक आधीच उलटा धरायचा. वितीभर उंचीवरून सोडायचे आणि सोडताना मनगटाला असा एक हिसका द्यायचा. मग एक पालथा पडतो, एक उताणा. दर वेळी 'हो'. चाळीस वर्षं."

फोटोतले सासरेही आता लक्ष देऊन ऐकतायत असं वाटत होतं. निदान पेईरूला तरी तसं वाटलं.

"मी नवी नवरी होते," सासूबाई सांगू लागल्या. "पहिल्याच वर्षी तीन वाजेपर्यंत 'हो' येईना. घरात अकरा माणसं उपाशी. लहान पोरं रडतायत. तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि हा हिसका शिकवला. म्हणाल्या, मेलेल्यांना भूक थोडीच लागते, जिवंतांना लागते. पण कुणाला सांगू नकोस. विशेष करून..." त्या थांबल्या.

"विशेष करून माझ्या पोरीला सांगू नकोस," आत्याबाईंनी वाक्य पूर्ण केलं. "आमची आई अशीच होती. मला शिकवताना म्हणाली, पुढे सून आली की तिला सांगू नकोस."

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मी दहा वर्षांची होते तेव्हापासून येतो मला तो हिसका. तुझ्यापेक्षा चांगला. तू सोडताना खांदा उडवतेस."

"मग चाळीस वर्षं बोलला का नाहीत, वन्सं?"

"का बोलू? जेवण वेळेवर मिळत होतं."

"आणि आज?" सासूबाईंना आता राग येऊ लागला. "आज सकाळपासून बघत बसलात! ती बिचारी घायकुतीला आली."

आत्याबाईंनी फोटोकडे पाहिलं. बोलल्या तेव्हा आवाजातली धार जरा बोथट झाली होती. "शूफन, चाळीस वर्षं तू या घरातल्या सगळ्या मेलेल्यांना जेवू घातलंस आणि त्यांच्या वतीनं ढेकरही तूच दिलीस. आहुई गेल्यापासून त्याला कुणी खरं काही विचारलंच नव्हतं. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. म्हटलं, बघू तरी काय बोलतो. बांगडीचंही विचारून घेतलं."

पेईरूच्या डोक्यात काहीतरी सावकाश जुळत होतं. "म्हणजे आत्या... मघाचं ते 'नाही'..."

"त्याचंच ते. तुला कुठे मनगट येतंय?"

पेईरू यावर हसली की पुन्हा रडली हे सांगणं कठीण आहे. दोन्ही थोडं थोडं झालं असावं.

"ए आई," छिंगछिंग म्हणाली, "मला भूक लागली."

"मलाही," आत्याबाई म्हणाल्या. "खरं बोलणं पुष्कळ झालं. आता मनगट वापरा. शूफन, शिकव तिला."

सासूबाई खाली बसल्या आणि डाव्या हाताने पेईरूची बोटं तुकड्यांवर नीट ठेवू लागल्या. हा उताणा, हा पालथा. अंगठा सैल. खांदा उडवायचा नाही, हे त्यांनी आत्याबाईंकडे न बघता सांगितलं. पेईरूने श्वास रोखला, वितीभर उंचीवर हात धरला आणि हिसका दिला.

एक तुकडा सपाट बाजू वर करून जागीच पडला. दुसरा टेबलाच्या पायावर आपटला, गरकन फिरला, बराच वेळ विचार करत राहिला आणि मग तोही सपाट बाजू वर करून पडला.

चौघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हसतोय," आत्याबाई उठत म्हणाल्या. "उपाशी माणूस एवढा हसत नाही. उचला ताटं."

मासा खाण्याच्या पलीकडे गेला होता, पण डुकराचे पाय अजून चांगले होते. आत्याबाईंनी चॉपस्टिक्सने त्यातला सगळ्यात मऊ तुकडा निवडला, स्वतःच्या वाडग्यापर्यंत नेला आणि मग काय वाटलं कोण जाणे, पेईरूच्या वाडग्यात टाकला. तिने पहिला घास तोंडात घातला तोच फोन वाजू लागला. ती उठायला गेली, पण आत्याबाईंनी तिला हाताने खाली बसवलं आणि स्वतः फोन उचलला.

"हो, झालं त्याचं जेवण," त्या म्हणाल्या. "नाही, स्कूटरचं काही बोलला नाही. काय? नाही, तिला फोन देता येणार नाही. आहुईची सून जेवायला बसलीय." त्यांनी टेबलापलीकडे एकवार नीट पाहिलं. "बसलीय म्हणजे बसलीय. दिसतेय ना मला."