सिद्धलिंगप्पांच्या फोनची तीन बटणं

घरातली बाब घरातच राहणे हे सुसंस्कृत समाजाचे पहिले लक्षण होय, आणि उदगीरच्या मोंढ्यात हे लक्षण आणण्याचा मान सिद्धलिंगप्पांच्या आडत दुकानाकडे जातो.

कारण तसं गंभीर होतं. त्यांच्या लेकीला, सृष्टीला, निलंग्याचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घर तोलामोलाचं. सुपारी फुटेपर्यंत चुलतभाऊ गुरुपादप्पांच्या कानावर काही जाऊ द्यायचं नव्हतं. (भावकीतली आधीची स्थळं त्यांनीच मोडली, असा सिद्धलिंगप्पांचा अंदाज. गुरुपादप्पांचा अंदाज याच्या नेमका उलट.) त्यात सृष्टीला थायरॉइडची गोळी चालू. औषध साधं, पण सोयरीक मोडायला आपल्याकडे तेवढं पुरतं.

अशात घरात लग्नाचा विषय निघाला आणि फोनवर शालूंच्या जाहिराती आल्या. (त्याच फोनवर मंगल कार्यालयं कोणी शोधली होती, याचा तपास झाला नाही.) फोन चोरून ऐकतो, हे सिद्ध झाले. पुण्याच्या भाच्याकरवी सिद्धलिंगप्पांनी खास परदेशी फोन मागवला. कडेला तीन बटणं. एकानं माइक मरतो, दुसऱ्यानं कॅमेरा, तिसऱ्यानं नेटवर्क. नुसतं बंद झाल्याचं दाखवणं नाही, आतली वीजच तुटते.

अशी वस्तू घेऊन मोंढ्यात गप्प बसणं माणसाला शक्य नसतं.

"हे खटकन खाली केलं की फोन ठार बहिरा," ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत.

"पर एवढं लपवायचं काय हाय, अप्पा?" हमाल बजरंगनं विचारलं.

"घरातली बाब हाय. सृष्टीला निलंग्याचं स्थळ आलंय. कुणाला कळू द्यायचं न्हाई. म्हणून तर हे बटन."

बजरंगला पटलं. मोंढ्यातल्या नव्वद टक्के लोकांनी या गुप्ततेला पाठिंबा दिला (उरलेले दहा टक्के जेवायला गेले होते).

एक तांत्रिक अडचण निघाली. माइक बंद असल्यामुळे सिद्धलिंगप्पांचं बोलणं पलीकडे जाईना. बोलताना बटण वर करा, असं भाच्यानं सुचवलं. म्हणजे नेमकं बोलतानाच फोनला ऐकू द्यायचं? हा सल्ला फेटाळण्यात आला. यापुढे खासगी बोलणी शेजारच्या मल्लिकार्जुनच्या फोनवरून करावीत, असे ठरले. दुसऱ्याचा फोन कानाला लावणं बरं दिसत नाही, म्हणून स्पीकरवर. सौद्याचा कालवा असतो, म्हणून मोठ्यानं.

"गुरम्मा," ते बायकोला ओरडून सांगत होते, "निलंग्याचे पाव्हणे आले की सृष्टीच्या थायरॉइडच्या गोळ्या कपाटात टाक! कुणाला दिसायला नगं!"

"अहो, हळू बोला की," स्पीकरमधून गुरम्मा म्हणाल्या.

"भिऊ नको. माझा फोन बंद हाय."

सोयाबीनचा भाव विचारायला आलेले गुरुपादप्पा शेजारच्याच पोत्यावर बसले होते. त्यांनी चहा संपवला, नमस्कार केला आणि भाव न विचारताच गेले.

लगेच निलंग्याहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. (पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.)

सिद्धलिंगप्पांनी फोन तपासला. तिन्ही बटणं खालीच होती. तरी बातमी फुटली, म्हणजे मालात खोट. फोन परत करायचं भाच्याला तातडीनं कळवण्यात आलं, अर्थात मल्लिकार्जुनच्या फोनवरून.

"फोनची काय चूक न्हाई, अप्पा," त्या दिवशी सृष्टी म्हणाली. "गोळ्या माझ्या हायत. लपवायच्या का सांगायच्या, मला कुणी इचारलं का?"

सिद्धलिंगप्पांना फार वाईट वाटलं. पोरीच्या तोंडाकडे बघायचा त्यांना धीर होईना. या प्रश्नासाठी फोनला चौथं बटण नव्हतं.

असो. सृष्टीची खासगी बाब मोंढ्याला कळली, निलंग्याला कळली आणि आता तुम्हालाही. पोरीचं नाव, तिचं औषध, तिचं मोडलेलं स्थळ, सगळं तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत. मध्येच थांबावं, असं एकदाही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की निलंग्यातलं नेमकं कोणतं घर?