चोर माळीच!

लेकीला तिच्या मामाने वाढदिवसाला पुस्तक पाठवलं आणि ते आपण आधी जरा चाळून बघावं, असं गुप्तहेरांना वाटलं. तिथंच सगळा घोळ झाला.

(गुप्तहेर हे बायकोने ठेवलेलं नाव. एरवी ते विमा कंपनीत दावे तपासायचे. खरोखर जळालेल्या दुकानाकडेही संशयाने बघायचा त्यांना पगार मिळायचा.)

पुस्तक त्यांच्याच लहानपणीच्या लाडक्या रहस्यकथेचं होतं. तीच तीन भावंडं, तोच लंगडा कुत्रा, तोच हरवलेला हिऱ्यांचा हार. पण सगळं चित्रांत. ग्राफिक नॉव्हेल!

"कुत्रा तपकिरी? काळा होता तो!" गुप्तहेर सोफ्यावरून गरजले. "आणि अख्ख्या पानावर नुसतं 'धडाम'? आम्ही धडाम मनातल्या मनात ऐकायचो. चित्रकार लागत नव्हता त्याला!"

चरफडत ते शेवटच्या पानावर पोचले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर निघाला होता विम्याचा इन्स्पेक्टर.

"शेवट बदलला! अहो, माळी चोर होता, माळी!"

"बाबा, मिशा बघ ना त्याच्या. अगदी तुझ्यासारख्या आहेत," लेक कौतुकाने म्हणाली.

झालं! गुप्तहेरांनी तडक दुकानदाराला फोन लावला. ही पोरांची फसवणूक आहे, पुस्तक परत घ्या, नाहीतर ग्राहक मंचात खेचतो.

"साहेब, शेवट मूळचाच असेल," दुकानदार शांतपणे म्हणाला. "जुनं पुस्तक आणून दाखवा, लगेच परत घेतो."

गुप्तहेर शिडी लावून पोटमाळ्यावर चढले. लेक खाली शिडी धरून रडवेली उभी. तिला ते पुस्तक भारी आवडलं होतं, ते परत जाऊ नये एवढंच तिला हवं होतं. बायको मात्र वेगळाच हिशेब मांडत होती. बाल्कनीतल्या कुंड्यांना माळी लावू, असं ती लग्न झाल्यापासून सांगत होती. गुप्तहेरांचं उत्तर ठरलेलं: "माळ्याला घरात घेणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" तोवर तीन गुलाब वाळून गेले होते.

"माळी निर्दोष सुटला तर उद्यापासून कामावर," बायको खालून ओरडली. "आणि पुस्तक घरातच राहील."

"कबूल!" वरून आवाज आला. पाठोपाठ खोकला, धुळीचा लोट आणि पुस्तकांचं खोकं.

जुनं पुस्तक सापडलं. शेवटचं पान तेवढं नव्हतं.

"पान नाही, पण साक्षीदार आहे," गुप्तहेर अजिबात डगमगले नाहीत. "पुस्तक ताई आधी वाचायची. शेवटची पानं कशी कोण जाणे, नेहमी गहाळच व्हायची. मग ती मला शेवट तोंडी सांगायची." त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. "ताई, तूच सांग या लोकांना, हार कुणी चोरला?"

"इन्स्पेक्टरने," ताई म्हणाली.

"अगं, माळ्याने ना?"

पलीकडे ताईला हसू आवरेना. "अरे, तू माझ्या बाहुलीचे केस कापले होतेस, आठवतंय? त्या रागात मी शेवटची पानं फाडून ठेवायचे आणि शेवट मनाने ठोकून द्यायचे. इतकी वर्षं तू ते खरं धरून बसलास?"

"पण... सगळ्या पुस्तकांत माळीच?"

"दुसरं कुणी सुचायचंच नाही रे मला."

लेकीने पुस्तक उराशी धरलं आणि ती खोलीत पळाली. बायको शेजारणीकडून माळ्याचा नंबर घेत होती. गुप्तहेर खोक्यातली पुस्तकं एकेक करून बघू लागले. एकही चोर पुराव्यानिशी पकडलेला नव्हता, आणि विमा कंपनीत ज्यांच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणत, त्यांना इतक्या वर्षांत शंकाही आली नव्हती.

त्या पुस्तकांतली एक चोरी तर भर समुद्रात, जहाजावर झाली होती.