उखाचं रक्त, माझं नाव

सुईला घाबरणारा माणूस मी नव्हेच! हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या नवागाम वस्तीत सध्या भलतंच बोललं जातंय. सुरतेजवळ सचिन गावच्या कापड कारखान्यात बारा वर्षं लूमचा मास्तर आहे मी, सुकलाल. रक्त तपासायला लॅबवाले आले, नेमक्या तेव्हाच माझ्या चार मशिनी अडल्या. म्हणून हाताखालच्या उखाला म्हटलं, "माझ्या नावावर तूच दे."

यात नवीन ते काय? हजेरीवहीत त्याची सही मी ठोकतो, माझी तो ठोकतो. तपासणी फक्त कायम कामगारांची होती. उखा ठेकेदाराचा माणूस, त्याचं नाव यादीतच नव्हतं. "बरं भाऊ," म्हणाला आणि हात पुढे करून आला.

चौथ्या दिवशी रिपोर्ट मोबाइलवर आला आणि मोबाइल नेमका बायकोच्या हातात!

"आवो, हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ! पुरुषाला तेरा तरी पाहिजे, इथंच लिहिलंय!"

"अगं जयश्री, त्यांचं मशीन बिघडलं असेल."

"मशीन नाही, तुम्ही बिघडलात!"

झालं! सकाळी बीट, दुपारी पालक, संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. शेजारच्या शोभाबाई रोज येऊन माझ्याकडे बघून डोळे पुसून जायच्या. खरं सांगावं तर सुईचं प्रकरण बाहेर पडणार! मग मी शक्कल लढवली. "कारखान्यातच खातो," म्हणून सगळं डब्यात भरून न्यायचं आणि उखाला खाऊ घालायचं. रक्त त्याचं, तर बीटही त्याचंच! मी आपला चहा-खारीवर.

"भाऊ, एवढे लाड कशाला?" तो विचारायचा.

"खा गुपचूप!"

दोन आठवड्यांनी जयश्रीने मला ओढतच पर्वत पाटिया भागात डॉक्टर भूपेंद्रभाईंकडे नेलं. रिपोर्ट बघून ते गंभीर झाले.

"सुकलालभाई, हा नुसता अशक्तपणा नाही. रक्त कुठून तरी जातंय, ते आधी शोधलं पाहिजे. नुसत्या बीटाने काय होणार? असा माणूस ओझं उचलताना धापा टाकतो आणि एक दिवस तिथेच कोसळतो."

महिनाभर उखा जिन्यावर बसून धापा टाकत होता आणि मी ओरडत होतो, "ऊठ, कामचोर!" आज सकाळी तर मीच त्याला सांगून आलो होतो, जेवण झालं की सुताचं बीम, तो सूत गुंडाळलेला जड रूळ, वरच्या मजल्यावर ने. आणि आता दीड वाजला होता!

"डॉक्टर, हे रक्त माझं नाही!"

"अगं बाई!" जयश्री किंचाळली. "यांच्या डोक्यालासुद्धा रक्त पोचेना!"

"उखाचं आहे गं! मी... मी सुईला घाबरलो!"

बोललो एकदाचं! लगेच उखाला फोन लावला. नुसती रिंग. रिक्षात बसल्यावरही मी सारखा फोन लावत होतो आणि जयश्री मला शिव्या देत होती. दोघांचंही थांबलं नाही.

कारखान्यात पळत शिरलो. उखा जिन्याच्या मध्यावर, बीम भिंतीला टेकवलेलं, तोंड पांढरंफटक.

"भाऊ, चिडू नको. जराखा बठस, मंग लई जास."

जरा बसून बीम न्यायचंच म्हणत होता! मला रडूच फुटलं. "ते बीम गेलं खड्ड्यात! तू खाली चल!"

दवाखान्यात सगळं बाहेर आलं. सहा महिने मूळव्याधीतून रक्त जात होतं आणि हा लाजेपोटी गप्प! "आज आणलंत म्हणून निभावलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्ताच्या दोन बाटल्या लावल्या आणि बदल्यात कुणीतरी रक्त द्यायला सांगितलं.

जयश्री माझ्याकडे बघू लागली. मी बाही वर केली. हो, स्वतः! आधी तपासायला बोटाला टोचलं, तेव्हा ओरडलोसुद्धा नाही. म्हणजे, फार नाही.

"काका, बारा पॉइंट एक," नर्स म्हणाली. "साडेबारा लागतं. तुमचं चालणार नाही. जेवत नाही का?"

"रोज बीट खातात हो!" जयश्री म्हणाली.

"वैनी, ते तर मी खाल्लं!" खाटेवरून उखाचा प्रामाणिक आवाज आला.

जयश्रीने आपला हात पुढे केला. तिचं तेरा भरलं!

उखा आता बरा आहे. बीट मी जयश्रीसमोर बसून खातो. पण तिच्या हातात सुई शिरताना मी धप्पकन खाली पडलो, ते घाबरून नव्हे बरं का! हिमोग्लोबिन कमी होतं म्हणून. रिपोर्ट आहे माझ्याकडे, आणि या वेळी माझाच!